"ताई, रिकिबी काढा!" : तबेल्यावरचं क्लिनिक, आणि खुल्या रविवारासाठी सूचना हव्यात

पर्वतीपायथा (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. वय ४३, नोकरी हिंजवडीत, पाठदुखी स्वतःची. दोन वर्षांपूर्वी लेकीला उन्हाळी सुट्टीत घोडेस्वारीच्या शिबिराला घातलं. ती पाच दिवसांत कंटाळली. पैसे भरलेले होते, म्हणून उरलेले दिवस मी गेले. तेव्हापासून दर रविवारी पहाटे साडेपाचला निघून मुळशीच्या बाजूला एका तबेल्यावर जाते. चांदणी चौक रिकामा कसा दिसतो हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी माझ्याबरोबर यावं.

परवाच्या शनिवार-रविवारी तिथे दोन दिवसांचं क्लिनिक होतं. सासूबाईंनी काळजीने विचारलं, "घोड्याला काय झालंय?" घोड्याला काही झालेलं नाही. बाहेरून एखादा जाणता प्रशिक्षक येतो, एका वेळी तीन-चार स्वारांना घेतो, बाकीचे कठड्याला टेकून बघतात, याला घोडेस्वारीत क्लिनिक म्हणतात. नेहमीच्या तासाला जे खपून जातं ते इथे खपत नाही. आमच्याकडे घोडदळातून निवृत्त झालेले एक रिसालदार साहेब आले होते. साताऱ्याकडचे, बारीक अंगाचे, आवाज मात्र मैदानाच्या पलीकडे पोचणारा.

मला वाटलं होतं, आता उड्या. लेकीने व्हिडिओसाठी फोन चार्ज करून ठेवला होता. साहेबांनी माझी दुडकी दोन फेऱ्या बघितली, हात वर केला आणि म्हणाले, "ताई, रिकिबी काढा."

काढल्या. (रिकीब म्हणजे खोगिराला लटकणारी, पाय ठेवायची कडी.) लगाम माझ्या हातून काढून घेऊन घोड्याच्या मानेवर गाठ मारून ठेवला. घोडा लांब दोरीवर, वीस मीटरचं वर्तुळ, दोरी साहेबांच्या हातात. माझे हात कमरेवर. "आता डोळे मिटा आणि सांगा, बाहेरचा खांदा कधी पुढे जातोय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दुडकी दोन ठोक्यांची चाल. पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम. स्वार एका ठोक्याला उठतो, एकाला बसतो. वर्तुळात जाताना घोड्याचा बाहेरचा पुढचा पाय पुढे जाईल तेव्हा उठायचं, म्हणजे आतला मागचा पाय जमिनीवरून रेटा देतो तेव्हा आपण खोगिरात असतो आणि घोड्याला तोल सांभाळायला सोपं जातं. हे मला पाठ होतं. एका ऑनलाइन परीक्षेत पूर्ण गुणही मिळाले होते.

डोळे मिटल्यावर मी सांगायला लागले, "आत्ता... आत्ता... आत्ता." साहेब शांतपणे म्हणाले, "उलटं." मी परत. "उलटं." तिसऱ्या फेरीला कठड्यावरचे लोक हसायला लागले, तेव्हा मी मोजणं सोडून दिलं. मग कुठे डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला काहीतरी फुगल्यासारखं होऊन ओसरताना जाणवलं. परत फुगलं, परत ओसरलं. तो खांदा. दोन वर्षं तो तिथेच हलत होता आणि मी खाली मान घालून डोळ्यांनी शोधत होते! दर रविवारी निम्मा वेळ मी चुकीच्या ठोक्यावर उठत होते आणि आमचा बिचारा राजा ते निमूट भरून काढत होता.

रविवारी सकाळी मला घरचा जिना सरळ उतरता आला नाही. मागे तोंड करून उतरले.

आता मुद्दा. तबेल्याचे मालक म्हणाले, पाऊस संपला की दिवाळीनंतर एक खुला रविवार ठेवू. आसपासची मंडळी, शाळेतली मुलं, ज्यांनी घोडा फक्त वरातीत बघितलाय असे लोक. आम्हा पाच-सहा नेहमीच्या लोकांवर जबाबदारी टाकली आहे. काय ठेवावं, काय ठेवू नये? अनुभवी लोकांनी बोला.

मुठेकाठचा | सोमवार, रात्री १०:४०

पहिला. फोटो टाका. जिन्याचा नको, घोड्याचा.

नव्वदीपार | सोमवार, रात्री ११:०५

लहानपणी माथेरानला बसलो होतो, तेवढाच अनुभव. वजन ९२. खुल्या रविवारी मला बसवतील का? प्रामाणिक प्रश्न आहे, हसू नये. आणि कपडे काय घालायचे? त्या सिनेमातल्या घट्ट विजारी माझ्या मापात मिळतात का?

पर्वतीपायथा | सोमवार, रात्री ११:३१

@नव्वदीपार, हसत नाही. सर्वसाधारण आडाखा असा की स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर जाऊ नये. ४५० किलोच्या घोड्याला ९० झाले, त्यात खोगीर आलंच. आमच्याकडे त्या दिवशी बसवायला जे शांत घोडे आहेत ते लहान चणीचे आहेत, त्यामुळे बहुतेक "नाही" असंच उत्तर येईल. पण या. विजार साधी जीन्स चालते, फक्त आतल्या बाजूला जाड शिवण नको, नाहीतर दोन दिवस विसरणार नाही. टाचेचे बूट मात्र हवेतच.

सहावी टर्म | मंगळवार, सकाळी ६:१८

रिकिबी काढा हे ऐकून अंगावर काटा आला. खडकवासल्याला अकादमीत होतो, बरीच वर्षं झाली. तिथे घोडेस्वारी प्रशिक्षणातच असते. पहिल्या टर्मला आपण घोडा चालवत नाही, घोडा आपल्याला चालवतो. उस्ताद एकच वाक्य बोलायचे, "टाच खाली, नजर वर." नजर खाली गेली की डोकं खाली जातं, डोकं चार-पाच किलोचं, मग बाकीचं शरीर त्याच्या मागे. पडलो की धूळ झटकून परत वर.

सूचना: खुल्या रविवारी टेंट पेगिंगचं प्रात्यक्षिक ठेवता आलं तर बघा. जमिनीत मेख रोवलेली, स्वार भरधाव येतो आणि भाल्याने मेख उचलून नेतो. लोक श्वास रोखून बघतात. पण जमिनीचा अंदाज असलेले स्वार हवेत, हौशी लोकांचं काम नाही. आणि प्रेक्षक दोरीच्या मागे. बरेच मागे.

कोथरूडचा बाप | मंगळवार, दुपारी १:५०

हा धागा बघून लिहावं की नको असं दोन तास चाललं होतं. लिहितो.

मुलगी ११ वर्षांची. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत आपल्याला ड्रेसाजमध्ये (घोड्याच्या ठरावीक, शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) सांघिक सुवर्ण मिळालं, घोडेस्वारीतलं १९८२ नंतरचं पहिलं, तेव्हा तिने टीव्हीवर ते पाहिलं. संघातल्या चौघांपैकी दोघी मुली. घोडेस्वारीत मुलामुलींची वेगळी स्पर्धा नसते, एकाच मैदानात एकमेकांविरुद्ध उतरतात, हे ऐकून तर तिने जेवण सोडलं. घातली एका ठिकाणी. नाव लिहीत नाही, कृपया व्यक्तिगत निरोप करून विचारू नका.

चौथा की पाचवा तास. रविवार, गर्दी, सात मुलं आणि एकच शिकवणारा. घोडा वळला आणि खोगीर बाजूला फिरलं. म्हणजे खोगीर घोड्याच्या पोटाकडे गेलं आणि मुलगी त्याच्याबरोबर. पायात साधे स्पोर्ट्स शूज, जाड तळव्याचे. पाऊल रिकिबीत आरपार गेलं आणि अडकलं. घोडा चार पावलं चालला आणि आपणहून थांबला. ती चार पावलं मला अजून रात्री दिसतात. डावं मनगट मोडलं. हेल्मेट होतं, पण हनुवटीचा पट्टा सैल, डोक्यावरून मागे गेलेलं. नंतर तिथल्या बाई म्हणाल्या, "घोड्याने पोट फुगवलं होतं." म्हणजे चूक घोड्याची. आणि त्यांनी माझ्या सहीचा कागद दाखवला, "स्वतःच्या जबाबदारीवर".

आता प्लास्टर निघून सहा महिने झालेत आणि कार्टी म्हणते परत जायचं. बायको बोलत नाही माझ्याशी. मला घोड्यातलं काही कळत नाही. तबेला बरा आहे की नाही हे माझ्यासारख्याने बघायचं कसं, एवढंच सांगा.

मुठेकाठचा | मंगळवार, दुपारी २:२०

बाप रे. मुलगी आता बरी आहे हे वाचून बरं वाटलं. वरची थट्टा मागे घेतो.

गोठ्यातला डॉक्टर | मंगळवार, रात्री ९:४५

मी जनावरांचा डॉक्टर. गायी-म्हशी जास्त, घोडे कमी, पण पुण्याच्या आसपास घोडे बघायची सवय आहे.

@कोथरूडचा बाप, घोड्याने पोट फुगवणं ही चूक नाही, सवय आहे. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना अनेक घोडे छाती-पोट ताठ धरतात. म्हणून तंग एकदा आवळायचा, घोडा पाच मिनिटं चालवायचा, बसण्याआधी परत बघायचा, बसल्यावर आणखी एकदा. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत. हे माणसाचं काम आहे. कागदावर सही घेतल्याने ते घोड्याचं होत नाही.

तबेला बघायचा कसा? मी गेलो तर आधी घोड्याची पाठ बघतो. मानेच्या मागे जिथे पाठ सुरू होते तो उंचवटा, आणि खोगिराखालची जागा. गडद रंगाच्या घोड्याला तिथे पांढऱ्या केसांचे ठिपके किंवा चट्टे असतील तर ओळखा, तिथे कधीतरी खोगीर लागलंय. जखम भरते, केस पांढरे उगवतात. ते आयुष्यभर राहतात. एखाद्या घोड्याला असेल तर समजू शकतो, कदाचित आधीच्या मालकाकडची खूण असेल. सगळ्यांनाच असतील तर गाडीत बसा आणि घरी जा. मग तोंडाचे कोपरे बघा, लगामाच्या कडीने सोललेत का. मग टाप उचलायला सांगा. घोडा सहज पाय देतो की ओढून घेतो? तळ स्वच्छ आहे की काळा, कुजका वास येतोय? पावसाळ्यात आपल्याकडे तो वास फार.

हे सगळं बघू देणारा तबेला निम्मा पास. "तुम्हाला काय करायचंय?" असं विचारणारा नापास.

खुल्या रविवारासाठी माझी एकच विनंती आहे. गाजरं. साठ मुलं येणार, प्रत्येकाच्या आईच्या पिशवीत दोन गाजरं आणि गुळाचा खडा. सगळी एकाच गरीब घोड्याच्या तोंडात जाणार, कारण तो चावत नाही. घोड्याला उलटी करता येत नाही, शरीररचनेतच ती सोय नाही. पोटात गेलेलं खालूनच जायला हवं, आणि अडलं तर पोटशूळ. रात्री दोनला फोन मला येतो. गोल चकत्या केलेलं गाजर घशात अडकतं तेही वेगळंच, कापायचंच तर लांब काप. आणि सोसायटीच्या हिरवळीचं मशीनने कापलेलं गवत पोत्यात भरून आणणारे काका असतात, त्यांना गेटवरच अडवा. ते गवत पोत्यात गरम होतं, आंबतं, घोडा न चावता गिळतो.

मुकं जनावर | बुधवार, सकाळी ८:०३

सगळे मिळून घोड्यावर कसं बसायचं याची चर्चा करताहेत. घोड्याला विचारलं का कोणी? तोंडात लोखंड, पाठीवर माणूस, पोटाला पट्टा, आणि याला "कम्युनिटी इव्हेंट" म्हणायचं. मुलांना प्राणिप्रेम शिकवायचं असेल तर बसवू नका.

मुठेकाठचा | बुधवार, सकाळी ८:१५

आलं घोडं मैदानात.

पर्वतीपायथा | बुधवार, रात्री १०:५०

@मुकं जनावर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणत नाही. आमच्याकडचे तीन घोडे रेसमधून आलेले. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यात हंगाम असतो, हिवाळ्यात मुंबईला. धावणं मंदावलेल्या घोड्याचं पुढे काय होतं हे कोणी फारसं विचारत नाही. त्यातल्या काहींना अशा तबेल्यांवर जागा मिळते. त्यांना हे आयुष्य पसंत आहे का, ते मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की रिसालदार साहेबांनी जितकं मला सुधारलं तितकं राजाच्या पाठीवरचं आदळणं कमी झालं. तेवढ्यासाठी तरी क्लिनिक कामाचं.

रविवारी दुपारचं राहिलंच होतं लिहायचं. जेवणानंतर साहेब म्हणाले, "आता तासभर मी शिकवणार नाही, मामा शिकवतील." मामा म्हणजे आमचे मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारे. वडीलही रेसच्या घोड्यांवर मोतद्दार होते. इतकी वर्षं आम्ही मामांकडून तयार घोडा घ्यायचा आणि घामेजलेला घोडा परत द्यायचा, एवढाच संबंध. मामा आधी फार लाजले. मग घोड्याशेजारी उभे राहिले आणि लाजणं संपलं.

खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करणं, सगळ्यांनाच येतो असं आम्हाला वाटत होतं. मामा आधी नुसता तळहात फिरवतात. मान, खांदा, पाठ, पोट, चारही पाय खुरापर्यंत. कुठे गरम लागतंय, कुठे कातडी थरथरते. मग ब्रश. टाप उचलताना ते पाय ओढत नाहीत. घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहतात, खांद्याने हलकं रेलतात, म्हणजे घोडा वजन पलीकडच्या पायावर घेतो, आणि हात खाली नेऊन मागच्या शिरेला चिमटीत नुसतं धरतात. पाय आपोआप वर येतो. मी केलं तर राजाने माझ्यावरच वजन टाकलं, फुकटचा भिंतीसारखा आधार मिळाला म्हणून.

मग त्यांनी कुशीला कान लावला. आम्हा सगळ्यांना रांगेने लावायला सांगितला. आत गडगड, मग पाणी ओतल्यासारखा आवाज, मग थोडं शांत, परत गडगड. "हा आवाज ऐकून ठेवा," मामा म्हणाले. "ज्या दिवशी आतून काहीच ऐकू येणार नाही, त्या दिवशी खोगीर बाजूला ठेवा आणि डॉक्टरला फोन करा." आमच्यातल्या एका ताईंनी परत परत कान लावला. उठायलाच तयार नव्हत्या.

माझ्या मते खुल्या रविवारी सवारी हा शेवटचा कार्यक्रम असावा. तोही थोडाच. आधी हे.

गोठ्यातला डॉक्टर | बुधवार, रात्री ११:२०

मामांना त्या तासाचे वेगळे पैसे मिळाले का?

पर्वतीपायथा | गुरुवार, सकाळी ७:०२

नाही मिळाले. प्रश्न वाचून लाज वाटली. साहेबांना मानधन, मालकांना फी, मामांना टाळ्या. आज विचारते.

पर्वतीपायथा | गुरुवार, रात्री ९:३०

विचारलं. मालक म्हणाले, "अरे हो, डोक्यातच आलं नाही." पुढच्या वेळेपासून मामांचं मानधन शिकवणाऱ्यांच्याच यादीत. मागचंही देणार आहेत. डॉक्टर, आभार.

भीमथडीचं तट्टू | शुक्रवार, दुपारी ४:१०

उशिरा आलो, वरातीमागून घोडं. पण धाग्यात दोन-चार शब्द बघून राहवलं नाही. रिकीब, तंग, खरारा, मोतद्दार हे शब्द पुणेकरांच्या तोंडी परत आले याचा आनंद. नाहीतर स्टिरप, गर्थ, ग्रूमिंग. आपण रोज बोलतो त्यातलं निम्मं या पागेतून आलंय आणि आपल्याला पत्ता नसतो. एखाद्याची विषयावर मांड पक्की असते. निवडणुकीत खोगीरभरती होते. खोगिराच्या आत जे चिंध्या-काथ्या कोंबतात ते खोगीरभरतीचं सामान. लहान मुलाच्या तोंडात तोबरा. घोडं कुठे पेंड खातं. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. म्हणजे पर्वतीपायथा, तुम्ही बारगीर.

आणि कृपया खुल्या रविवारी मुलांना फक्त इंग्लंड-जर्मनीचे घोडे सांगू नका. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं मराठी फौजांनी वापरली. दिसायला बेताची, पण काटक, कमी चाऱ्यावर चालणारी, डोंगरात पाय न चुकणारी. आजही धनगर मंडळी बिऱ्हाड लादून नेतात ती याच वाणाची. अलीकडे या जातीची अधिकृत नोंदही झाली आहे.

मुठेकाठचा | शुक्रवार, दुपारी ४:२५

साहेब, आपलंच तट्टू दामटताय. पण दामटा.

वारीचा वाटसरू | शुक्रवार, संध्या. ७:५५

घोड्यांचा विषय आणि रिंगणाचं नाव कोणीच काढलं नाही? माउलींच्या पालखीसोबतचे अश्व दरवर्षी अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच नाही, कारण तिथे माउली. चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. मी दोनदा अगदी पुढच्या रांगेत होतो. रिकाम्या पाठीचा घोडा वाऱ्यासारखा निघून जातो आणि लोक टापांखालची माती कपाळाला लावतात. @मुकं जनावर, तुमच्या "बसू नका"ला एक उत्तर तिथेही आहे म्हणायचं. एक घोडा तरी असा आहे ज्याच्यावर कोणी बसत नाही.

मुकं जनावर | शुक्रवार, रात्री ८:४०

हे आवडलं. पण त्या लाखोंच्या गर्दीत त्याला कसं वाटत असेल हे मी विचारणारच.

सहावी टर्म | शनिवार, सकाळी ६:०५

@कोथरूडचा बाप, एक सांगायचं राहिलं. मुलीला पहिले तास दोरीवरच करू द्या, आणि पडायचं कसं ते शिकवतात का बघा. उभ्या घोड्यावरून, दोन्ही पाय रिकिबीतून काढून, पुढे झुकून, उडी मारून उतरणे. मग चालत्या घोड्यावरून. दहा वेळा केलं की पाय आधी रिकिबीतून निघतो, विचार नंतर येतो. आणि बूट. टाच हवीच. टाच पाऊल आरपार जाऊ देत नाही, तिचं कामच ते.

कोथरूडचा बाप | शनिवार, सकाळी ९:१२

धन्यवाद सर्वांना. काल एक तबेला बघून आलो. टॉर्च घेऊन घोड्यांच्या पाठी बघत होतो, तिथले लोक हसत होते, पण बघू दिल्या. बाराच्या बारा. दोघांना पांढरे केस. विचारलं तर सांगितलं, दोन्ही लग्नाच्या धंद्यातून घेतलेल्या घोड्या आहेत. खरं-खोटं माहीत नाही, पण विचारल्यावर चिडले नाहीत.

पर्वतीपायथा | नोव्हेंबर, रविवार, रात्री ११:१५

धागा वर काढते. झाला एकदाचा खुला रविवार! पाय दुखताहेत, पण आत्ताच लिहिते नाहीतर राहील.

गेटवर मोठी बादली ठेवली, "गाजरं इथे, घोड्याच्या तोंडात नाही". दुपारपर्यंत बादली भरून दुसरी आणावी लागली. गवताचं पोतं घेऊन आलेले काका खरंच होते, डॉक्टरांना दंडवत. टेंट पेगिंग केलं नाही, जागा पुरली नाही. भीमथडी तट्टू आणायचं ठरलं होतं, तेही ऐनवेळी जमलं नाही.

मामांची रांग सगळ्यात लांब. कुशीला कान लावायला मुलं तर होतीच, मागे आजोबाही. @नव्वदीपार आले होते. बसता येणार नाही हे त्यांना आधीच माहीत होतं. आल्या आल्या आकडी हातात घेतली आणि सकाळभर टापा खरवडत बसले, अकरा टापा, घामाने भिजलेले. मुलांना "हा त्रिकोणी रबरासारखा भाग दिसतोय ना, इथे जपून" असं सांगत होते, जणू वीस वर्षांचे मोतद्दार.

सवाऱ्या साडेदहाला सुरू केल्या. एका घोड्याला एक धरणारा, एक शेजारून चालणारा. तंग प्रत्येक मुलाआधी मोठ्याने म्हणून तपासायचा, "दोन बोटं!" मुलंच ओरडायला लागली.

अकराच्या सुमाराला घोळ झाला. शेजारी एक लॉन आहे. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, म्हणजे हंगाम सुरू. वरात आली, डीजे, आणि दहा हजारांची माळ. आमचे शिकलेसवरलेले घोडे कान टवकारून नाचायला लागले. राजाने माझ्या हातातली दोरी अर्धी ओढून काढली, तळवा अजून लाल आहे. सगळ्या मुलांना खाली उतरवलं, सवाऱ्या तिथेच बंद. कोणाला काही झालं नाही. दोन-चार पालक पैसे मागायला आले, कार्यक्रम फुकट होता हे सांगितल्यावर गेले.

आणि कठड्यापलीकडे रस्त्यावर, त्या स्पीकरला जवळजवळ चिकटून, नवरदेवाची घोडी उभी. पांढरी, मोत्यांची झूल, डोळ्यांवर झालर. कान मागे नाहीत, पुढे नाहीत. पाय हलत नाही. आमच्यातलं कोणीतरी म्हणालं, "बघा, किती शांत आहे." मामा काही बोलले नाहीत. नवरदेव उतरून आत गेल्यावर ते बादलीभर पाणी घेऊन रस्त्यावर गेले, घोडीवाल्या पोराशी बोलले, आणि झूल एका बाजूने वर केली. मी मागेच होते. घोडी पांढरी, त्यामुळे पांढरे केस दिसायचा प्रश्नच नव्हता. मामांनी तळहात ठेवला आणि माझा हात धरून त्याच जागी ठेवला. मानेमागच्या उंचवट्यापाशी, केसांखाली, बांगडीएवढी टणक जागा. कडेला अजून गरम.

पोरगं सतरा-अठराचं. म्हणालं, खोगीर मालकाचं आहे, सगळ्या घोड्यांना एकच. मामांनी आपल्या तबेल्यातली जाड लोकरीची घडी आणून दिली, ती कशी घालायची ते दोनदा करून दाखवलं, आणि उंचवट्यावर वर ओढून हवा राहील अशी जागा ठेवायला सांगितली. घोडीने बादली संपवली. मग आणखी एक.

मुकं जनावर | नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ७:४४

मी काल आले होते. ओळख दिली नाही. ब्रश करायच्या रांगेत होते. पोराला डॉक्टरांचा नंबर दिला का कोणी?

गोठ्यातला डॉक्टर | नोव्हेंबर, सोमवार, दुपारी १:३०

दिलाय. आज सकाळी फोन आला होता. उद्या जातोय.

नव्वदीपार | नोव्हेंबर, सोमवार, दुपारी २:०५

अकरा नाही, बारा टापा. कंबर सांगते आहे.

कोथरूडचा बाप | नोव्हेंबर, सोमवार, रात्री ९:२०

पुढचा कधी आहे? मुलगी विचारते आहे. काल "दोन बोटं" ओरडणाऱ्यांत तिचा आवाज सगळ्यात मोठा होता. टाचेचे बूट घेतलेत. बायको बरोबर येते म्हणाली.